चौथ्या फेरीत वाफ का पडते? पाच इंची कोळशाच्या इंजिनाची एक चिवट तक्रार

तक्रार नेहमी त्याच शब्दांत येते. इंजिन झकास पेटतं, पहिल्या दोन फेऱ्या तोऱ्यात मारतं, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत असतो. तिसऱ्या फेरीला दाबाचा काटा ८० पौंडांवर येतो, चौथीला ६० वर, आणि मग चढावर मध्येच थांबून, ब्लोअर (उभ्या इंजिनात आगीला ओढ देण्यासाठी चिमणीत सोडायचा वाफेचा झोत) लावून, मागच्या गाड्या अडवून बसावं लागतं. दहा मिनिटांनी दाब येतो. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा तेच. या उन्हाळ्यात दोन मराठी मित्रांनी मला हेच विचारलं. दोघांनीही नवं इंजिन नाही, जुनं विकत घेतलेलं. मी स्वतः या दुखण्यात दोन अख्खे उन्हाळे घालवलेत, म्हणून दोघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

माझं इंजिन ‘सिंप्लेक्स’, मार्टिन इव्हान्स यांच्या आराखड्यावर कुणीतरी घरी बांधलेलं. सहा चाकांचं टँक इंजिन, रुळांमधलं अंतर ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. बॉयलर तांब्याचा, सिल्व्हर सोल्डरने जोडलेला, कामाचा दाब दर चौरस इंचाला ९० पौंड. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: हे खेळणं नव्हे. कोळसा खरा, वाफ खरी, आणि मागच्या गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसलेली माणसंही खरी. इंग्लंडमध्ये गावोगावी अशी इंजिनं चालवणारे क्लब आहेत, मी राहतो त्या हर्टफर्डशायर भागातही आहेत. उन्हाळ्यात रविवारी मुलांना फेऱ्या मारून आणतात, तेव्हा इंजिनाला तास-दीड तास सलग काम पडतं. दोन फेऱ्यांत न दिसणारा दोष तिथे उघडा पडतो.

दाब पडला की पहिला संशय कोळशावर जातो. माझाही गेला. मी तीन ठिकाणचा कोळसा आणून पाहिला. त्यानंतर संशय बॉयलरवर, त्यानंतर सिलिंडरवर. खरा दोष निघाला हवेच्या वाटेत, आणि तोही दोन जागी. तेव्हापासून ज्यांची ज्यांची इंजिनं मी पाहिली, त्यातल्या बहुतेकांचा दोष हवेच्याच वाटेत होता. एक तर जिथून यायला हवी तिथून हवा येत नव्हती, किंवा जिथून यायला नको तिथून येत होती. म्हणून माझं ठाम म्हणणं असं की कोळशाची पिशवी बदलण्याआधी हवेची वाट तपासा.

ती वाट अशी. सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ धूरपेटीतल्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाला, चिमणीखाली असते ती पेटी) नोझलमधून वर चिमणीत फेकली जाते. जाताना ती धूरपेटीतली हवा ओढून नेते, तिथे पोकळी तयार होते, ती पोकळी बॉयलरमधल्या नळ्यांमधून अग्निपेटीतले गरम वायू ओढते, आणि अग्निपेटी जाळीखालून, राखेच्या ट्रेकडून, ताजी हवा ओढते. म्हणजे इंजिन जितकं जोरात ओढेल तितकी आग पेटेल. ही साखळी एका जागी जरी सैल झाली तरी आग उपाशी राहते. मोठ्या इंजिनात आगीचा साठा मोठा, तिथे पाचदहा मिनिटं निभावतात. आपल्या इंजिनातली जाळी पसरलेल्या तळहाताएवढी. तिथे दोन मिनिटांत काटा उतरतो.

कधी आणि कशी पडते ते आधी बघा

‘दाब पडतो’ एवढ्यावर निदान होत नाही. पाना हातात घेण्याआधी एक रविवार फक्त निरीक्षणात घालवा. वही जवळ ठेवा, दर फेरीला काटा, पाण्याची पातळी आणि बॉयलरमध्ये पाणी भरणारा पंप चालू होता की बंद, एवढं लिहा.

इंजिन उभं असताना ब्लोअर लावूनही दाब चढत नसेल, तर दोष आगीत, जाळीत, नळ्यांत किंवा धूरपेटीच्या गळतीत आहे. उभं असताना भराभर चढतो आणि चालताना उतरतो, तर नोझल आणि चिमणीचं जुळत नाही, किंवा सिलिंडरकडे वाफ वाया जातेय. सुरुवातीची वीस मिनिटं सगळं छान आणि मग हळूहळू उतरण, तर जाळी भरत चाललीय. पंप चालू केला की झपकन उतरतो आणि बंद केला की सावरतो, तर कदाचित दोष काहीच नाही, तुम्ही एका वेळी फार थंड पाणी घालताय. आणि काटा एकदम धाडकन पडून चिमणीतून पाण्याचे शिंतोडे उडत असतील, तर बॉयलर पाणी उचलतोय. त्याचं खाली सांगतो.

माझ्या वहीत दोन दुखणी एकमेकांत मिसळली होती. उभं असताना दाब चढायचा, पण आळसावल्यासारखा. चालताना वीस मिनिटं निभायची, मग उतरण. हे दोन वेगळे दोष आहेत हे मला कितीतरी उशिरा उमजलं. एक दुरुस्त केला की थोडा फरक पडायचा, आणि ‘हे कारण नव्हतं’ म्हणून मी पुढे जायचो. तुम्ही ते करू नका. थोडा फरक पडला तर ते कारण होतं, फक्त एकटं नव्हतं.

जाळी

पहिला दोष माझ्या आईने सांगितला. ती सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. ट्रॅकवर मी थांबून ब्लोअर लावून बसलो होतो, काटा ५५ वर. आई जवळ आली, वाकून इंजिनाच्या पोटाखाली बघितलं आणि म्हणाली, “अरे, खाली उजेड कुठाय? जाळी बसलीय बघ.”

आमच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. ज्यांच्या घरी होता त्यांना आठवेल: मधोमध धुराडं, भोवती पाणी, खाली जाळी आणि त्याखाली राखेची जागा. बंब नीट पेटलेला असला की खालच्या तोंडाशी राखेवर तांबूस उजेड पडायचा. तो उजेड गेला की आई लोखंडी सळईने जाळी हलवायची, राख खाली पडायची आणि जाळ पुन्हा घुमायला लागायचा. वर पेटलेलं सरपण तसंच, फक्त खालची वाट मोकळी. बंब आणि आमचं इंजिन यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही, आणि तरी मी कधी खाली वाकून बघितलं नव्हतं. मी बघायचो ते अग्निपेटीच्या दारातून, वरून, आणि वरून आग लालच दिसते.

ही परीक्षा आता मी प्रत्येकाला सांगतो. इंजिन स्टेशनात उभं असताना, ब्लोअर चालू ठेवून, वाकून राखेच्या ट्रेमध्ये बघा. आरसा असेल तर अधिक सोपं. जाळीच्या सगळ्या फटींतून पिवळसर उजेड खाली पडायला हवा. अर्ध्या भागात उजेड आणि अर्ध्यात काळोख असेल, तर काळोख आहे तिथे क्लिंकर बसलाय. सगळीकडेच काळोख असेल तर एकदा ट्रेही बघा, राखेने जाळीपर्यंत भरला असेल. आमच्या इंजिनात ट्रे उथळ असतो, मागच्या बाजूला तर एक्सलवरून उचललेला, तिथे राख लवकर साठते.

क्लिंकर म्हणजे वितळून गोठलेली राख. राखेतल्या मातीला, लोहाला आणि क्षारांना पुरेशी उष्णता मिळाली की ती पाघळते आणि जाळीच्या पट्ट्यांवर चिक्कीसारखी पसरते. आणि ती बहुतेक वेळा आपणच बनवतो. आग मंद वाटली की आपण आकड्याने ढवळतो. ढवळलं की जाळीजवळची थंड राख वर, आगीच्या सर्वांत तापलेल्या भागात जाते, तिथे वितळते आणि पुन्हा खाली येऊन चिकटते. आग ढवळू नका. सळई जाळीला लागून, पट्ट्यांच्या दिशेने, खालच्या खाली सरकवा आणि तशीच बाहेर काढा. क्लिंकर बसलाच असेल तर तो एका बाजूने हलकेच उचकटून अख्खा काढायचा, तुकडे करायचे नाहीत.

माझ्या इंजिनात मात्र नुसत्या चुकीच्या सवयीने होत नव्हतं. जाळी बाहेर काढून मोजली तर पट्ट्यांमधली फट कुठे दोन मिलिमीटर, कुठे दीड. आधीच्या मालकाने साध्या लोखंडाच्या पट्ट्या बसवल्या होत्या, त्या उष्णतेने वाकून एकमेकींकडे झुकल्या होत्या. मी स्टेनलेस स्टीलची नवी जाळी केली: ३ मिलिमीटरच्या पट्ट्या, मध्ये ३ मिलिमीटरची फट, आणि फट कायम राहावी म्हणून पट्ट्यांच्या मध्ये नळीचे छोटे तुकडे घालून आरपार दोन सळया ओवल्या. एका संध्याकाळचं काम. पुढच्या रविवारी वीस मिनिटांची उतरण नाहीशी झाली. आईला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, “मग?” तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही.

धूरपेटीची गळती

उभं असतानाचा आळस अजून होताच. ब्लोअर पूर्ण उघडला तरी दाब ६० वरून ९० वर यायला बारा मिनिटं.

धूरपेटी हवाबंद हवी. दरवाजाच्या कडेने किंवा तळाशी जिथून वाफेचे पाईप आत येतात तिथून हवा शिरली, तर नोझल आणि ब्लोअर तीच सोपी हवा ओढतात. नळ्यांमधून आगीला ओढ लागत नाही. शिवाय धूरपेटीत साठलेल्या अर्धवट जळालेल्या निखाऱ्यांना ती हवा मिळाली की ते तिथेच पेटतात. धूरपेटीचा रंग एका जागी फोडासारखा उठलेला, करपलेला दिसला तर त्याच्या मागेच गळती आहे असं समजा.

शोधायची माझी रीत अशी. इंजिन पूर्ण थंड, आग नाही, वाफ नाही. वाफ धरताना आपण चिमणीवर जो विजेचा छोटा पंखा बसवतो तो बसवायचा आणि चालू करायचा. अग्निपेटीचं दार लावायचं. आता एक उदबत्ती पेटवायची आणि धूरपेटीच्या दरवाजाच्या कडेने सावकाश फिरवायची. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. जिथे धूर वळून आत ओढला जातो तिथे गळती. दरवाजा झाला की खाली, धूरपेटी जिथे चौकटीवर बसते तिथे, मग प्रत्येक पाईपभोवती, मग बॉयलर आणि धूरपेटीच्या सांध्यावर. उदबत्ती फार जवळ नेऊ नका, बोटभर अंतर ठेवा, आणि दारंखिडक्या बंद ठेवा, नाहीतर वाऱ्यानेच धूर वळतो.

माझ्या इंजिनाच्या दरवाजाला काही नव्हतं. डाव्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट पाईपाशी उदबत्तीचा धूर दोरीसारखा आत गेला. आत बॅटरी टाकून पाहिलं तर पाईपाभोवतीचं फायर सिमेंट भुगा होऊन पडलेलं, पेन्सिल जाईल एवढी फट. फायर सिमेंट उष्णता सोसतं पण हादरे सोसत नाही, आणि आपली इंजिनं सतत हादरतात. मी सगळं खरवडून काढलं, फटीत बारीक स्टील वूल ठासून भरलं आणि वरून जास्त तापमानाचं लाल सिलिकॉन लावलं. चार वर्षं झाली, टिकून आहे. दरवाजाच्या कडेला गळती असेल तर काचतंतूची दोरी बसवा.

इथे एक गंभीर गोष्ट. जुन्या इंजिनात अशा ठिकाणी आणि बॉयलरच्या वेष्टणाखाली अॅस्बेस्टॉसची दोरी किंवा कापड असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली, म्हणजे त्याआधी बांधलेल्या इंजिनात शक्यता धरूनच चला. पांढरट-करडं, तंतूतंतूंचं काही दिसलं तर कोरडं खरवडू नका, हात थांबवा आणि माहितगाराला दाखवा.

धूरपेटीत हवेसारखीच वाफही गळते. सुपरहीटरचा (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांचा) किंवा वाफेच्या पाईपाचा सांधा सैल असेल तर ती वाफ पोकळी भरून टाकते. याची खूण काजळीत सापडते. धूरपेटीत सगळीकडे काजळी आणि एकाच जागी पुसल्यासारखा स्वच्छ ठिपका असेल, तर त्याच्या समोरचा सांधा तपासा. थंड इंजिनात सायकलच्या पंपाने जेमतेम दहा पौंड हवा भरायची, रिव्हर्सर (इंजिन पुढे की मागे ते ठरवणारा दांडा) मधोमध ठेवून रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडायचा व्हॉल्व्ह) उघडायचा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं. दहा पौंडांच्या पुढे हवेने जाऊ नका. दाबलेली हवा बॉम्बसारखी फुटते. बॉयलरच्या ताकदीची चाचणी पाण्यानेच करायची, आणि ती आपली आपण करायची गोष्ट नव्हे. क्लबचा बॉयलर तपासनीस नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि पुढे ठरावीक मुदतीने दीडपट पाण्याचा दाब देऊन बघतो.

नोझल सरळ आहे का

नोझलमधून निघालेली वाफ चिमणीच्या बरोबर मधोमध जायला हवी. दोन मिलिमीटरचा तिरपेपणासुद्धा पुरतो: वाफेचा झोत चिमणीच्या एका भिंतीवर आपटतो, दुसऱ्या बाजूने हवा उलटी खाली येते. चिमणीचा आतला भाग बघा. काजळी एका बाजूला धुतलेली आणि दुसऱ्या बाजूला जाड असेल तर झोत तिरपा आहे.

लेथ असेल तर चिमणीत अलगद बसेल अशी चकती करा, तिच्या केंद्रात भोक, आणि त्यातून नोझलच्या भोकात नेमकी बसेल एवढी सरळ सळई खाली सोडा. सळई नोझलमध्ये आपसूक उतरली तर सगळं सरळ. लेथ नसेल तर पुठ्ठ्याची चकती आणि विणायची सुईही काम भागवते. धूरपेटी एकदा उघडून मिटली, पाईप काढून बसवले, की ही परीक्षा पुन्हा करा, कारण पाईप आवळताना नोझल फिरतं.

नोझलचं भोक लहान करायचा मोह मात्र आवरा. प्रत्येक क्लबात हा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. भोक लहान केलं की ओढ वाढते हे खरं, पण सिलिंडरला वाफ बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो, आणि झोताचा प्रत्येक फटका आगीत भोकं पाडतो. आगीतल्या त्या भोकांतून थंड हवा थेट नळ्यांत जाते आणि दाब आणखी पडतो. आराखड्यातलं माप बहुतेक वेळा बरोबर असतं. चिमणीच्या गळ्याचं आणि नोझलचं प्रमाण जुन्या माणसांनी खूप इंजिनं चालवून ठरवलंय. ‘एलबीएससी’ या नावाने लिहिणाऱ्या लॉरेन्स यांनी १९२० च्या दशकात अडीच इंची रुळांवरच्या आपल्या ‘आयेशा’ या कोळशाच्या इंजिनाने धडधाकट माणूस ओढून दाखवला. त्या काळी एवढ्या लहान बॉयलरसाठी स्पिरिटचे दिवेच बरे असं मानणारे जाणकार होते. तेव्हा पाच इंची इंजिन वाफ धरत नसेल तर इंजिन लहान आहे हे कारण समजू नका.

नळ्या

यावर फार लिहायला नको. प्रत्येक दिवसानंतर, इंजिन कोमट असताना, धूरपेटीच्या बाजूने तारेचा ब्रश प्रत्येक नळीतून आरपार. एक मिलिमीटर काजळीही उष्णता अडवते. सगळ्यात खालच्या नळ्या सुटतात कारण नोझलचा पाईप आड येतो. वाकणाऱ्या दांड्याचा ब्रश घ्या.

आता कोळसा

हवेची वाट साफ झाल्यावरच इकडे या. इंग्लंडमधल्या आमच्या पिढीची इंजिनं वेल्सच्या स्टीम कोळशावर वाढली: धूर कमी, धग भरपूर, राख थोडी. मर्थर टिडव्हिलजवळची फॉस-अ-व्रान ही खुली खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि तो कोळसा मिळेनासा झाला. त्याच वर्षी मेपासून इंग्लंडमध्ये घरगुती वापरासाठी बिटुमिनस कोळशाची सुटी विक्रीही थांबली, पिशव्यांमधली तर २०२१ मध्येच थांबली होती. आता कुणी बाहेरून आलेला कोळसा वापरतं, कुणी अँथ्रासाइट, कुणी कारखान्यात बनवलेल्या अंडाकृती वड्या फोडून.

हे तिन्ही चालतात, पण तिघांचे स्वभाव वेगळे. अँथ्रासाइट पेटायला हट्टी असतो, पेटल्यावर पांढरी धग देतो, पण ओढ कमी झाली की मालवतो. स्टेशनात उभं राहताना ब्लोअर थोडा उघडा ठेवलाच पाहिजे. बिटुमिनस पटकन पेटतो, पण धूर आणि डांबर सोडतो, नळ्या तासाभरात माखतात. वड्यांमध्ये राख जास्त, म्हणून जाळीकडे वारंवार लक्ष. जुन्या सवयीने नव्या कोळशाला हाताळलं की दाब पडतो, आणि दोष कोळशाला लागतो. मी सध्या अर्धा अँथ्रासाइट, अर्धा बाहेरून आलेला स्टीम कोळसा असं मिसळतो, माझ्या जाळीला ते मानवतं.

तुकडा अर्ध्या सुपारीएवढा हवा. चुरा चाळून टाका. भुकटी आगीवर पडली की साय धरल्यासारखी हवा कोंडते. आग दाराच्या खालच्या कडेपर्यंत, सगळीकडे सारखी. घालायचं थोडं थोडं आणि वारंवार, चमचा-दोन चमचे, आणि ते दाब चढत असताना. काटा उतरायला लागल्यावर चार चमचे कोळसा ओतणं ही सगळ्यांत मोठी चूक. गार कोळसा आधी आगीकडूनच उष्णता घेतो, दाब आणखी पडतो, ब्लोअरचाही जोर जातो कारण तो त्याच वाफेवर चालतो, आणि मग सगळंच बसतं.

पाणी

आमच्याकडचं नळाचं पाणी खडूच्या थरातून येतं, अतिशय जड. मी छपराचं पावसाचं पाणी पिंपात साठवतो आणि धोतराच्या जुन्या तुकड्यातून गाळून घेतो. बॉयलरमध्ये क्षार आणि गाळ साठला, किंवा पाण्यात तेल गेलं, की पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये ओढलं जातं. वर म्हटलं तो धाडकन पडणारा काटा आणि शिंतोडे यामुळेच. बॉयलर धुऊन काढा, आणि काचेत पाणी अर्ध्याच्या थोडं वर ठेवा, काठोकाठ नको.

पंपाचा बायपास (जास्तीचं पाणी टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह) थेंबथेंब पाणी सतत जाईल एवढाच मिटलेला ठेवा. एक फेरी पूर्ण बंद आणि पुढची पूर्ण चालू असं केलं की काटा झोके घेतो. इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं उपकरण) चढावर कधीच लावू नका, उतारावर किंवा स्टेशनात लावा. तो मध्येच थुंकायला लागला तर आधी टाकीतलं पाणी हाताला कोमट लागतंय का बघा. कोमट पाणी इंजेक्टर उचलत नाही. ते ठीक असेल तर त्याचे कोन सायट्रिक अॅसिडमध्ये रात्रभर टाका.

सिलिंडरकडची गळती

सगळं करूनही भागलं नाही, तर चाकांना पाचर लावून, रिव्हर्सर मधोमध ठेवून रेग्युलेटर जेमतेम उघडा आणि चिमणीशी कान द्या. सतत सूं असा आवाज येत असेल तर व्हॉल्व्हमधून किंवा पिस्टन रिंगमधून वाफ वाया जातेय. ते काम मोठं, इंजिन खोलावं लागतं, म्हणून मी ते शेवटी ठेवलं. त्याआधी तेल बघा: ल्युब्रिकेटरमध्ये वाफेच्या सिलिंडरचं जाड तेल आहे ना, आणि ते खरंच जातंय ना. चिमणीच्या कडेवर तेलाचा पातळ, ओलसर थर बोटाला लागायला हवा.

ट्रॅकवर दाब पडलाच तर

प्रवासी उतरवा. आधी पाण्याची काच. पाणी खालच्या नटाच्या वर दिसत नसेल, तर दाबाचा विचार सोडा आणि आग खाली पाडा. पाणी असेल तर पंप बंद, ब्लोअर अर्धा, दार बंद, आणि सळई जाळीला लागून एकदाच पुढे-मागे. कोळसा घालू नका. काटा दहा पौंड चढला की एक चमचा. आणखी दहा चढला की अजून एक. कामाच्या दाबावर आल्यावरच पाणी. घाईने सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून ‘जास्त दाबाने’ निघायचा विचार कुणी बोलून दाखवला, तर त्या माणसाला इंजिनापासून लांब ठेवा.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर माझं इंजिन मागच्या ऑगस्टात एका रविवारी एक तास दहा मिनिटं सलग चाललं, मागे दोन मोठी माणसं आणि चार मुलं, काटा ७५ ते ९० च्या मध्ये. ब्लोअर फक्त स्टेशनात.

तुमच्या इंजिनाबद्दल विचारायचं असेल तर एवढं कळवा: रुळांचं अंतर आणि आराखडा कुठला, कामाचा दाब किती, कोळसा कुठला, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी दाब पडतो, उभं असताना ब्लोअरवर दहा पौंड चढायला किती वेळ लागतो. आणि एक फोटो, राखेच्या ट्रेमधून वर जाळीकडे बघताना काढलेला, ब्लोअर चालू असताना.